कुत्रा रिकाम्या खोक्यापाशी बसू लागला, तर आधी तेलांची पेटी तपासा

न्यू जर्सीत कुत्र्यांना वास शोधायला शिकवणाऱ्या आमच्या सेंट वर्कच्या वर्गासाठी लागणाऱ्या सुगंधी तेलांची पेटी गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे. तेले मागवणे, कापसाच्या काड्यांना वास देणे, डब्या धुणे आणि जुने तेल वेळेवर बाजूला काढणे ही सगळी कामे मीच करते. या काळात एकच तक्रार मी निरनिराळ्या माणसांकडून ऐकत आले आहे. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत चोख काम करणारा कुत्रा आता रिकाम्या खोक्यापाशी थांबतो, इशारा देतो आणि खाऊ मागतो. मालकाला वाटते की खाऊच्या लोभाने तो खोटे इशारे द्यायला शिकला. मग त्याला रागावले जाते, आणि दोन आठवड्यांत त्या कुत्र्याचा कामातला उत्साहच मावळतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक वेळी कुत्रा खरेच सांगत असतो. त्या खोक्यात वास असतोच, कारण साठवणीतल्या कुठल्या तरी चुकीमुळे आपणच तो तिथे नेऊन पोहोचवलेला असतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोलिसांचे किंवा विमानतळावरचे श्वान जसे विशिष्ट वास शोधतात, तसे घरच्या कुत्र्यांना ठरावीक वनस्पतींच्या तेलांचा वास शोधायला शिकवतात. अमेरिकेत २००६ साली रॉन गॉन्ट, एमी हेरो आणि जिल मेरी ओब्रायन यांनी हा खेळ सुरू केला. नॅशनल असोसिएशन ऑफ केनाइन सेंट वर्क ही त्यांची संस्था, आणि तिच्या स्पर्धांत बर्च (एक झाड), ॲनिस (बडीशेपेसारखी वनस्पती) आणि लवंग हे तीन वास असतात. अमेरिकन केनल क्लबने २०१७ साली आपल्या स्पर्धा सुरू केल्या आणि त्यात चौथा वास म्हणून सायप्रस या सुरूसारख्या झाडाचा घेतला. तेल थेट कुठेही लावत नाहीत. वास दिलेली कापसाची काडी भोके असलेल्या छोट्या डबीत ठेवतात आणि ती डबी मांडलेल्या खोक्यांपैकी एकात किंवा दुसरीकडे कुठे लपवतात. तेल एखाद्या थेंबापुरतेच लागत असल्याने एक लहान बाटली वर्षानुवर्षे पुरते, आणि साठवणीचा प्रश्न नेमका तिथेच उभा राहतो.

लक्षणे

पुढची लक्षणे एकेकटी दिसली तर त्यांचा फारसा अर्थ नसतो, पण दोन-तीन एकत्र दिसू लागली की मी पेटी उघडून बसते.

कुत्रा रिकाम्या खोक्यांवर, हँडलरच्या (त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या माणसाच्या) पिशवीवर किंवा खाऊच्या पाकिटावर इशारा देतो. घरात शिरताच तो तेले ठेवलेल्या कपाटाकडे धाव घेतो आणि तिथून हलत नाही. एकच वास, बहुधा ॲनिस किंवा सायप्रस, त्याला कधी सापडतो तर कधी सापडत नाही, आणि बाकीच्या वासांत मात्र काही अडचण नसते. घरच्या तेलावर उत्तम काम करणारा कुत्रा स्पर्धेत किंवा दुसऱ्या वर्गात गेला की गोंधळतो. कुत्रा डबीच्या दिशेने जातो, पण दोन-तीन फुटांवरच अडखळतो, शिंकतो किंवा तोंड फिरवतो.

वस्तूंवर दिसणारी लक्षणेही आहेत. बाटलीवरच्या चिठ्ठीची शाई पसरलेली असते. ड्रॉपरचे रबर फुगलेले किंवा चिकट झालेले असते. वापर नसताना तेलाची पातळी खाली गेलेली असते. तेल दाट किंवा गडद झालेले असते, किंवा ॲनिसच्या बाटलीत पांढरे खडे दिसतात. पेटी बंद असतानाही तिच्याजवळ वास येतो, हे शेवटचे आणि सर्वांत स्पष्ट लक्षण. मात्र ते पेटीच्या मालकाला जवळजवळ कधीच कळत नाही.

पहिली तपासणी: दुसऱ्याचे नाक

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि वेळ दोन मिनिटांचा लागतो. सततच्या वासाला आपले नाक सरावते आणि काही मिनिटांतच तो वास जाणवेनासा होतो. म्हणून ज्याने त्या दिवशी तेलांना हात लावलेला नाही, अशा माणसाला बोलवावे. त्याला आधी घराबाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबायला सांगावे आणि मग बंद पेटीजवळ, रिकाम्या खोक्यांच्या चळतीजवळ आणि खाऊच्या पिशवीजवळ नेऊन काय जाणवते ते विचारावे. माणसाच्या नाकाला वास येत असेल तर कुत्र्याला तो कितीतरी जास्त येत असणार, यात शंकेला जागा नाही. माणसाला वास आला नाही, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा पुढच्या तपासणीकडे वळावे.

दुसरी तपासणी: आपल्या अंगावर आणि स्वयंपाकघरात काय आहे

मराठी घरांसाठी मला ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंग्रजीत मिळणाऱ्या माहितीत तिचा विचार क्वचितच केलेला असतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

बर्चच्या तेलात जवळजवळ सगळा भाग मिथाइल सॅलिसिलेट या एकाच पदार्थाचा असतो. हाच पदार्थ गंधपुऱ्याच्या (विंटरग्रीनच्या) तेलात असतो आणि तोच आपल्याकडच्या कितीतरी वेदनाशामक मलमांत असतो. पाठ दुखते म्हणून सकाळी मलम चोळले आणि संध्याकाळी त्याच हातांनी सहा रिकामी खोकी मांडली, तर सहाही खोक्यांवर बर्चच्या तेलातला मुख्य पदार्थ लागला. अशा वेळी कुत्र्याने पहिल्याच खोक्यापाशी बसावे यात नवल नाही. आमच्या वर्गात एका आजोबांच्या कुत्रीबाबत नेमके हेच घडले होते. गुडघ्याला मलम लावणे त्यांनी सरावाच्या दिवसापुरते बंद केले आणि कुत्रीचे चुकीचे इशारे त्याच आठवड्यात थांबले.

ॲनिसच्या तेलाचा मुख्य घटक ॲनेथोल. तो आपल्या बडीशेपेतही असतो आणि चक्रीफुलातही. जेवणानंतर बडीशेप चघळत सरावाला येणारी माणसे मी नेहमी पाहते. लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल, आणि तो तुळशीतही आढळतो. गोडा मसाला भाजला त्या दिवशी घरातले पडदे, सोफ्याची आवरणे आणि कुत्र्याचे स्वतःचे अंथरूण यांत तो वास मुरतो. कुत्र्याला अख्खी लवंग आणि लवंगेचे तेल यांतला फरक शिकवता येतो, पण तो शिकवावा लागतो. नुकत्याच शिकू लागलेल्या कुत्र्याने मसाल्याच्या डब्याकडे बघून इशारा दिला, तर ती त्याची चूक मानू नये.

उपाय अगदी साधा आहे. सरावाच्या दिवशी मलम लावू नये, मुखवास खाऊ नये आणि मसाला भाजल्यानंतर दोन दिवस घरात सराव ठेवू नये. हात बिनवासाच्या साबणाने धुवावेत. या चार गोष्टी आठवडाभर पाळूनही लक्षणे राहिली, तर दोष पेटीतच आहे असे समजून पुढे जावे.

तिसरी तपासणी: कोऱ्या खोक्यांची फेरी

तेलांना कधीही हात न लावणाऱ्या माणसाकडून दुकानातून सहा नवी पुठ्ठ्याची खोकी आणवावीत आणि त्याच्याकडूनच ती मांडून घ्यावीत. जागाही अशी निवडावी की जिथे पूर्वी कधी सराव झालेला नाही. एकाही खोक्यात वास ठेवू नये. कुत्र्याला सैल पट्ट्यावर फिरू द्यावे, आपण गप्प राहावे आणि कुठल्याही खोक्यापाशी थबकू नये, कारण आपण थबकलो की कुत्रा तेच उत्तर समजतो.

कुत्रा सगळी खोकी हुंगून पुढे गेला, तर त्याचे प्रशिक्षण शाबूत आहे. मग एक नवे खोके काढून त्या जागी आपल्या नेहमीच्या चळतीतले एक जुने खोके ठेवावे आणि तीच फेरी पुन्हा करावी. तो जुन्या खोक्यापाशी थांबला, तर उत्तर मिळाले: आपली रिकामी खोकी रिकामी राहिलेली नाहीत. या दोन फेऱ्यांपुढे जाऊ नये. काहीच सापडत नाही अशी फेरी पुन्हा पुन्हा केली की कुत्रा अंदाजाने इशारे द्यायला लागतो, आणि मग जो दोष नव्हता तोच आपण तयार करतो. शेवटी एका खोक्यात खरी डबी ठेवून, त्याला ती शोधू देऊन आणि भरपूर शाबासकी देऊन सराव संपवावा.

कुत्रा अगदी कोऱ्या खोक्यांवरही खात्रीने इशारे देत असेल, तर मी पेटीचे काम तिथेच थांबवते. हा प्रश्न प्रशिक्षणाचा असण्याची शक्यता जास्त असते आणि तो अनुभवी प्रशिक्षकानेच पाहायला हवा.

चौथी तपासणी: कशाशेजारी काय ठेवले आहे

आता पेटी उघडावी आणि फक्त पाहावे. मी पाहिलेल्या दहा पेट्यांपैकी सात-आठ पेट्यांत चारही तेले, वास दिलेल्या काड्या, कोऱ्या काड्या, चिमटा आणि खाऊ हे सगळे एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात नांदत असते. असा डबा महिनाभर बंद राहिला की आतल्या प्रत्येक वस्तूला चारही वास थोडे थोडे लागतात. कोरी काडी कोरी राहत नाही. बर्चची डबी बर्च, लवंग आणि ॲनिस यांचे मिश्रण बनते. घरच्या तेलावर उत्तम चालणारा कुत्रा स्पर्धेत का गोंधळतो, याचेही उत्तर बहुधा इथेच सापडते. घरी तो मिश्रण शोधायला शिकलेला असतो आणि स्पर्धेत त्याच्यासमोर एकच शुद्ध वास येतो.

माझी मांडणी अशी आहे. प्रत्येक तेलाची बाटली स्वतंत्र काचेच्या बरणीत, ती बरणी स्वतंत्र पत्र्याच्या डब्यात, आणि त्या डब्यात त्या एकाच वासाच्या काड्या, डब्या आणि चिमटा. चार वासांचे चार डबे आणि प्रत्येकावर वेगळ्या रंगाची पट्टी. कोऱ्या काड्या, कोऱ्या डब्या, हातमोजे आणि खाऊ यांची जागा दुसऱ्या खोलीत. हातमोजे नायट्राइलचे आणि एका वासाला एकच जोड वापरायचा. दुसऱ्या वासाला हात लावण्यापूर्वी तो काढून बंद पिशवीत टाकायचा आणि ती पिशवी घराबाहेरच्या कचऱ्यात न्यायची. ज्या दिवशी तेल हाताळायचे त्या दिवशी कुत्र्याला काम द्यायचे नाही, हा नियम मी आठ वर्षांत मोडलेला नाही.

पाचवी तपासणी: झाकण आणि बाटली

बाटली उभी ठेवूनही तेल कमी होत असेल, तर वाफ झाकणातून निसटते आहे. हे शोधायला दागिने तोलण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. तो ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो आणि फारसा महागही नसतो. बाटली बाहेरून पुसून, झाकण घट्ट लावून तोलावी, वजन आणि तारीख चिठ्ठीवर लिहावी आणि सात दिवस बाटलीला हात न लावता पुन्हा तोलावे. वजन घटले असेल, तर झाकण निकामी आहे. काटा नसेल, तर बाटली एका स्वच्छ कोरड्या बरणीत घडी केलेल्या टिशू कागदासह रात्रभर बंद करून ठेवावी आणि सकाळी तो कागद दुसऱ्या माणसाला हुंगायला द्यावा.

दोष बहुतेक वेळा ड्रॉपरमध्ये सापडतो. रबराचा फुगा असलेला ड्रॉपर बाटलीला कायम लावून ठेवला, की तेलाच्या वाफेने रबर मऊ होते, फुगते आणि चिकट होते. मग वाफ बाहेर जाते आणि रबराचा अंशही तेलात उतरतो. साठवणीसाठी आत थेंब पाडणारी बारीक चकती असलेले साधे फिरकीचे झाकण घ्यावे आणि ड्रॉपर फक्त वापरापुरता, तोही काचेचा, वेगळा ठेवावा. बाटलीच्या आट्यांवर तेलाचा ओघळ राहिला, तर झाकण नीट बसत नाही आणि तोच ओघळ बोटांवाटे सगळीकडे जातो. म्हणून प्रत्येक वापरानंतर आट्या टिशूने पुसाव्यात.

बाटली तपकिरी काचेचीच असावी. प्लॅस्टिकची का नको, हे लवंगेच्या तेलाने मला शिकवले. युजेनॉल काही प्लॅस्टिकांना अक्षरशः मऊ करते, आणि पॉलिस्टायरीनचा कप तर त्याने विरघळू लागतो. पॉलिथिनच्या ज्या पिशव्या आपण हवाबंद समजतो, त्यांच्यातूनही ही तेले हळूहळू पार होतात. काड्यांच्या बरण्या अशा पिशवीत घातल्या की आपण निश्चिंत होतो, आणि महिनाभरात ते कपाटच लवंगेचे होऊन जाते.

सहावी तपासणी: थंडी, ऊन आणि फ्रीज

ॲनिसच्या बाबतीत हमखास हाच दोष असतो. शुद्ध ॲनेथोल सुमारे २१ अंश सेल्सिअसला गोठते, आणि ॲनिसचे तेल त्याहून थोड्या कमी तापमानाला पांढरे, खडीसाखरेसारखे दिसू लागते. इथल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेली बाटली डिसेंबरात गोठणारच. भारतात असाल तर फ्रीजमधली बाटली बाराही महिने गोठलेली मिळेल. गोठल्याने तेल खराब होत नाही. खराबी पुढच्या कृतीने होते. घाईत माणूस खड्यांवरचे पातळ तेल काढून वापरतो. ॲनेथोल खड्यांत अडकलेले असल्याने त्या पातळ भागात ते कमी असते, त्यामुळे कुत्र्याला मिळतो तो वास नेहमीचा ॲनिस नसतो. ॲनिस कधी सापडतो, कधी सापडत नाही, या लक्षणामागे बहुधा हेच असते. बंद बाटली कोमट पाण्याच्या वाटीत उभी ठेवावी, शेवटचा खडा विरघळेपर्यंत थांबावे, बाटली हलक्या हाताने फिरवून तेल एकजीव करावे आणि मगच झाकण उघडावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये बाटली कधीही ठेवू नये.

तेल फ्रीजमध्ये ठेवावे की नाही, याबद्दल दोन मते आहेत. थंडीत तेलाचे हवेशी होणारे विघटन मंदावते, ही गोष्ट खरी आहे. पण जेवणाच्या फ्रीजमध्ये तेले ठेवायला माझा ठाम विरोध आहे. लोणी, तूप आणि साय यांना वास फार पटकन लागतो. शिवाय घरातल्या कुत्र्याच्या दृष्टीने फ्रीज हे वासाचे मोठे ठिकाण बनते, ते वेगळेच. ज्यांच्याकडे तेलांसाठी वेगळा छोटा फ्रीज आहे, त्यांनी बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, कारण थंड बाटली उघडली की आत दव जमते आणि तेलात पाणी जाते. बाकीच्यांनी अंधारे, कोरडे, थंडसर कपाट निवडावे. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात मुख्य अडचण दमटपणाची असते. तिथे काड्यांच्या बरणीचे झाकण उघडे राहू देऊ नये आणि एका वेळी महिन्याला पुरतील तेवढ्याच काड्यांना वास द्यावा.

गाडीत तेल ठेवूच नये. उन्हात बंद गाडीचे तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते. सायप्रसच्या तेलात पाइनीन वर्गातले पदार्थ भरपूर असतात. ते लवकर उडतात, हवेशी लवकर संयोग पावतात आणि सहज पेटही घेतात. गाडीच्या आसनांत मुरलेला वास काढणे हे या सगळ्या यादीतले सर्वांत कठीण काम आहे.

सातवी तपासणी: तेलाचे वय आणि ओळख

बाटली जसजशी रिकामी होते तसतशी तिच्यातली हवा वाढते आणि उरलेले तेल अधिक वेगाने बदलते. सायप्रस सर्वांत आधी बिघडते. त्याला रंगाच्या दुकानासारखा उग्र दर्प येऊ लागतो. ॲनिसवर प्रकाश आणि हवा पडत राहिली की ॲनेथोलपासून ॲनिसाल्डिहाइड तयार होते आणि वास बदलतो. लवंगेचे तेल गडद होत जाते. बर्च या चौघांत त्या मानाने टिकाऊ. मी मोठी बाटली कधीच घेत नाही. ५ मिलिलिटरची घेते, उघडल्याची तारीख लिहिते आणि सायप्रस वर्षाच्या आत, बाकीची तेले दोन वर्षांच्या आत बदलते. हा माझा स्वतःचा नियम आहे, कोणत्याही संस्थेचा नाही.

नवे तेल आणल्यावर कुत्रा ते ओळखतच नसेल, तर चिठ्ठीवरचे वनस्पतिनाम वाचावे. आपल्याला बेटुला लेंटा या झाडाचे बर्च हवे असते. बर्चच्या सालीपासून काढलेले डांबरासारखे तेलही बाजारात बर्च याच नावाने मिळते, पण त्याला धुराचा वास असतो आणि ते पूर्णपणे वेगळे आहे. ॲनिससाठी पिंपिनेला ॲनिसम हे नाव पाहावे. चक्रीफुलाचे तेल आपल्या नाकाला तसेच वाटले, तरी ती वनस्पती निराळी आहे. तेलात स्वस्त खाद्यतेल मिसळल्याचा संशय असेल, तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून काही दिवस ठेवावा. खाद्यतेलाची भेसळ असेल, तर वडा ठेवलेल्या कागदासारखा पारदर्शक तेलकट डाग मागे राहतो. कॅनडातल्या एका संघटनेच्या स्पर्धांत बर्चऐवजी गंधपुरा असतो. तिकडचे मित्र त्यांची काडी देतात आणि कुत्रा ती बर्च म्हणून दाखवतो, तेव्हा त्यामागे वर सांगितलेले मिथाइल सॅलिसिलेटच असते.

आठवी तपासणी: सगळे धुऊन पुन्हा सुरुवात

इथवर काही सापडले नाही, किंवा जे सापडले ते सगळ्या पेटीत पसरलेले असले, तर पेटी नव्याने बांधावी लागते. काच आणि स्टील स्वच्छ होतात. आधी बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुवावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि नंतर बरेच दिवस उघड्यावर, शक्य असेल तर कडक उन्हात ठेवावे. ही तेले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत पण अल्कोहोलमध्ये विरघळतात, म्हणून नुसत्या पाण्याने कितीही धुतले तरी वास राहतो. अल्कोहोल वापरताना खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद असावी. लाकूड, कापड, पुठ्ठा, रबर आणि प्लॅस्टिक मात्र स्वच्छ होत नाहीत. ते टाकून द्यावे. धुतलेली डबीसुद्धा मी कोरी म्हणून वापरत नाही. बर्चची डबी धुतल्यावरही बर्चलाच वापरते.

नव्या काड्यांना वास देताना तेल थेट काडीवर टाकणे मी सोडून दिले आहे. बरणीच्या तळाशी कापसाच्या घडीवर दोन थेंब टाकते, वर जाळी ठेवते आणि काड्या जाळीवर ठेवून झाकण लावते. वाफेनेच त्यांना पुरेसा वास लागतो. ओल्या काडीचा वास फार तीव्र असतो, तिने डबी आणि जागा दोन्ही बरबटतात, आणि संवेदनशील कुत्रे अशा डबीपासून मागे सरतात. आधी सांगितलेल्या शिंकण्याच्या लक्षणामागचे कारण बहुधा हेच असते.

शेवटी राहते ती जागा. इथल्या घरांत तळघरातल्या भट्टीतून गरम हवा नळ्यांवाटे सगळ्या खोल्यांत फिरते. चार वर्षांपूर्वी माझी स्वतःची पेटी तळघरात, हवा आत ओढणाऱ्या जाळीपासून हातभर अंतरावर होती. एका झाकणाला बारीक चीर गेली होती. आमची कुत्री भुरी तीन आठवडे प्रत्येक खोलीतल्या झरोक्यापाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तिला पुढे चल म्हणत होते. ते आठवले की मला अजून वाईट वाटते. पेटी हलवली, भट्टीची गाळणी बदलली, खिडक्या उघड्या ठेवल्या, तरी घर स्वच्छ व्हायला दीड महिना लागला. तेवढा काळ आम्ही सराव फक्त बाहेर मैदानावर केला.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

कुत्र्याने तेल चाटले, काडी किंवा डबी गिळली किंवा बाटली फोडली, तर यातली एकही तपासणी करत बसू नये. ताबडतोब पशुवैद्यांना फोन करावा. अमेरिकेत असाल तर एएसपीसीए या प्राणी संरक्षण संस्थेचे प्राणी विषबाधा केंद्र चोवीस तास फोन घेते. गंधपुऱ्याच्या ५ मिलिलिटर तेलात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीसेक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतके. बर्चचे तेल याच जातीचे आहे. लहान मुलांनाही ते तितकेच घातक असल्याने पेटीला कुलूप हवे. उलटी करवण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण असे तेल फुप्फुसात गेले तर अधिक इजा होते. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्यावी, म्हणजे त्यांना तेलाचे नाव वाचता येते. घरात मांजर असेल तर अधिकच जपावे, कारण तिचे यकृत अशा पदार्थांचा निचरा फार हळू करते.

दुसरी वेळ अशी की कुत्र्याला चारही वास एकदम सापडेनासे होतात. चार तेले एकाच आठवड्यात बिघडत नाहीत. नाकातून स्राव, एका बाजूनेच शिंका, तोंडाला दुर्गंधी, खाण्यात अरुची किंवा नुकतेच सुरू झालेले एखादे औषध यांपैकी काही असेल, तर पेटी बंद करून पशुवैद्यांकडे जावे. दातांच्या मुळाशी झालेला संसर्ग नाकापर्यंत पोहोचू शकतो, आणि तो पेटी धुऊन बरा होत नाही.

गाडीच्या किंवा गालिच्याच्या आत तेल सांडले असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. त्यावर दुसरा सुवास मारणे तर मुळीच नको. आसने सोडवून धुणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे आणि नेमके कोणते तेल सांडले ते त्याला आधीच सांगावे. काम झाल्यावर तिसऱ्या तपासणीतली कोऱ्या खोक्यांची फेरी त्या गाडीजवळ एकदा करून पाहावी.

बाद केलेले तेल मोरीत ओतू नये आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातही टाकू नये. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटी घरातला घातक कचरा गोळा करण्याचे दिवस ठरवून देते. मी बाटल्या काचेच्या बरणीत बंद करून, वर तेलाचे नाव आणि तारीख लिहून, त्या दिवसापर्यंत बाहेरच्या शेडमध्ये ठेवते. शेडची चावी घरात उंचावरच्या खिळ्याला असते.